मुख्तारभाईंचं अस्तर एकदाच सरकलं

सर्व संबंधितांस, तसेच ज्यांचा या प्रकरणाशी काडीचाही संबंध नाही अशा समस्त नागरिकांस, अत्यंत गांभीर्यपूर्वक कळविण्यात येते की, मुकुंदवाडीच्या मुख्तारभाईंनी त्यांच्या उभ्या कारकिर्दीत एकच चूक केली. ती एका रविवारी सकाळी, बादल्या घेऊन उभ्या असलेल्या वीस-पंचवीस साक्षीदारांसमोर उघडकीस आली. मी त्यांपैकी एक. बाकीचे साक्षीदार हा प्रसंग वाढवून सांगतात, त्यांच्यावर विश्वास ठेवू नये. वाढवून तर मीही सांगणार आहे, पण माझं वाढवणं मापात असतं. मापाचं महत्त्व मला मुख्तारभाईंनीच शिकवलं.

मुकुंदवाडी स्टेशनच्या मागच्या गल्लीत त्यांचं दुकान होतं आणि त्याच्या वरच्या खोलीत मी भाड्यानं राहायचो. मी पाण्याच्या सरकारी कचेरीत कारकून. ती सलग दुष्काळाची वर्षं. धरणात पाणी नाही, म्हणून कचेरीत काम नाही. त्यामुळे संध्याकाळी सहाच्या ठोक्याला मी मुख्तारभाईंच्या बाकावर हजर असायचो. ते मला 'मास्तर' म्हणत. मी मास्तर नाही, असं मी पहिले सहा महिने त्यांना सांगून पाहिलं. पण चष्मा लावणारा प्रत्येक माणूस त्यांच्या लेखी मास्तर होता. "चष्मा उतारो, फिर देखेंगे," एवढंच ते म्हणायचे.

मुख्तारभाई मूळचे शिंपी. आजोबा आणि वडील शहागंजात शेरवान्या शिवायचे. मग जालना रोडला काचेची मोठमोठी तयार कपड्यांची दुकानं निघाली, शहर चारी बाजूंनी सुटलं, आणि शेरवानी शिवून घेणारं गिऱ्हाईक संपलं. उरलं ते पँट आखूड करून घेणारं. मुख्तारभाई म्हणायचे, "माझा बाप शेरवानी शिवायचा मास्तर, अन् मी दुसऱ्यानं शिवलेल्या पँटी आखूड करतो. खानदानच आखूड व्हायलंय."

याच सुमारास त्यांच्या आतेभावाच्या लग्नाची व्हिडिओ कॅसेट घरी आली. कुणा मिक्सिंगवाल्यानं ती अशी कापली होती की नवरदेव एकदा 'कबूल है' म्हणतो आणि पुढच्याच क्षणी सगळे बिर्याणीवर. मुख्तारभाई सुन्न झाले. तीनदा म्हणायचं, ते एकदाच दिसतंय. म्हणजे बघणाऱ्याच्या हिशेबी निकाह एक तृतीयांशच लागला. "ये काटना नै, फाडना है," असा निकाल त्यांनी दिला, आणि दोन महिन्यांत दुकानात एक जुना कॉम्प्युटर आला.

कॉम्प्युटर आला, पण शिलाई मशीन गेलं नाही. मशीनचं डोकं खाली दुमडून त्याच्या टेबलावरच कॉम्प्युटर बसवला होता. त्यामुळे मुख्तारभाईंचे पाय मशीनच्या पायडलवर असायचे, आणि कापाकापी रंगात आली की ते आपोआप चालायला लागायचे. पट्टा काढलेला होता, शिवलं काहीच जात नव्हतं, पण पायडल चालायचं. वर खोलीत बसून मला खालच्या कामाची प्रगती ऐकू यायची. संथ खडखड म्हणजे हळदीचा कार्यक्रम चाललाय. धडाधड म्हणजे वरात. एकदम शांतता म्हणजे कुणीतरी कॅमेऱ्यासमोर आडवं आलेलं आहे आणि मुख्तारभाई त्याच्या सात पिढ्यांचा विचार करताहेत.

गळ्यातली मापाची टेपही कधी उतरली नाही. कानामागे शिंप्याचा खडू असायचा. त्या खडूनं त्यांनी पडद्याच्या काचेवर, तळापासून चार बोटं सोडून, एक आडवी रेघ मारली होती. ती कशासाठी होती ते पुढं येईलच.

आधी कतरणीचं सांगतो. शिंपी कापडाचे उरलेले तुकडे फेकत नाही, तसे मुख्तारभाई कापलेली चित्रंही फेकायचे नाहीत. कॉम्प्युटरमध्ये 'कतरण' नावाचा एक कप्पा होता, त्यात सगळं जपून ठेवलेलं. फुलंब्रीच्या एका लग्नात नवरीचा मामा जेवणावरून रुसून गेला, आणि चिडलेल्या नवरीच्या बापानं फर्मान काढलं की मामा फिल्ममध्ये दिसता कामा नये. आता मंगलाष्टकांत मामा नवरीच्या अगदी पाठीशी उभा. मुख्तारभाईंनी तीन दिवस खपून मामाला काढला. पण मामा उंच होता. नवरीच्या डोक्यावर एक गुलाबी फेटा अधांतरी तरंगत राहिला. त्यावर मुख्तारभाईंचं म्हणणं असं की फेटा काढायचा तर नवरीचं कपाळ जातं, आणि शिंप्यानं कुठं थांबायचं ते त्याला कळलं पाहिजे. वर्षभरानं मंडळींचा समेट झाला. नवरीचा बाप दुकानात येऊन डोळे पुसत विचारायला लागला, आमचा मामा परत मिळंल का? मुख्तारभाईंनी कतरणीतून मामा काढला आणि फेट्याखाली शिवून टाकला. "देखो मास्तर," ते मला म्हणाले, "एक टाका दिसतोय का?"

टीव्हीवरून रेकॉर्ड केलेल्या कार्यक्रमांतून ते जाहिराती कापायचे, त्याही कतरणीत जायच्या. त्याचा फायदा त्यांच्या पत्नीनं, रझियाभाभींनी घेतला. भाभींना मालिका बिलकूल आवडत नसत. दुपारी भाजी निवडता निवडता त्या नुसत्या जाहिराती बघत बसायच्या, अखंड दोन-दोन तास. मी कारण विचारलं तर म्हणाल्या की मालिकेत घरोघरी रडणं, आणि जाहिरातीत बघा, कपडे धुतले तरी माणसं हसताहेत. जाहिराती कापून कार्यक्रम ठेवणारा नवरा आणि कार्यक्रम कापून जाहिराती ठेवणारी बायको, असा तो संसार होता. तेवढं सोडलं तर दोघांचं कशावरून कधी वाजलेलं मी ऐकलं नाही.

आता रेघेची गोष्ट. ती आमच्या गल्लीमागच्या नव्या सात मजली सोसायटीतून आली. तिथले सेक्रेटरी चिंचोलकर हे निवृत्त हेडमास्तर. त्यांना ऐकायला कमी येत होतं, आणि ही गोष्ट त्यांच्याशिवाय सगळ्यांना माहीत होती. एक दिवस ते दुकानात आले आणि म्हणाले, टीव्हीवरची नाटकं मला रेकॉर्ड करून हवीत, जाहिराती नकोत, आणि खाली येणारे शब्द मात्र हवेत. मुख्तारभाईंनी अदबीनं विचारलं, ऐकायला येत नाय का सर? त्यावर चिंचोलकर ताठ होऊन म्हणाले, "उत्तम येतं. पण बोललेल्यावर माझा विश्वास नाही. मला सगळं लेखी लागतं."

काम सोपं वाटत होतं आणि तिथंच मुख्तारभाई फसले. ते शब्द, म्हणजे सबटायटल, चित्रात मिसळलेले नव्हते. रिमोटचं बटण दाबलं की येत, पुन्हा दाबलं की जात. रेकॉर्डिंगमध्येही ते वेगळे उतरायचे, प्रत्येक ओळ आपापली वेळ सांभाळून. तीन मिनिटांच्या जाहिराती कापल्या की चित्र तीन मिनिटं अलीकडे सरकायचं, आणि शब्द मूळ वेळेलाच चिकटून बसायचे. पहिल्या नाटकात नायिका दार आपटून निघून गेली, आणि बरोबर तीन मिनिटांनी तिचे शब्द एका नोकराच्या तोंडी आले.

दोन दिवस पायडल गप्प होतं. तिसऱ्या दिवशी मुख्तारभाईंचा चेहरा उजळला. मला बाकावर बसवून त्यांनी समजावलं, आणि आजवर मला इतकं स्वच्छ कुणी काही समजावलेलं नाही. "मास्तर, चित्र म्हणजे कापड. खालचे शब्द म्हणजे अस्तर. कापड जेवढं कापलं तेवढंच अस्तर कापायचं, त्याच जागी. नै तो कोट लटकता."

मग त्यांनी वडिलांची मापाची जुनी वही काढली. तिच्यात छापील रकाने होते: छाती, कंबर, बाही. ब्रेक सुरू झाल्याची वेळ छातीच्या रकान्यात, संपल्याची कंबरेच्या, आणि ब्रेकची लांबी बाहीच्या. बाहीत जेवढं लिहिलं असेल, तेवढी पुढची प्रत्येक ओळ हातानं मागं ओढायची. एका नाटकात हजार-बाराशे ओळी. दुसरा कुणी वेडा झाला असता. मुख्तारभाई गुणगुणत करायचे. पडद्यावरची ती खडूची रेघ म्हणजे अस्तराची हद्द. तिच्या खाली चित्रातलं काही येऊ द्यायचं नाही, कुणाचा हात नाही की कुणाची मिशी नाही. आणि काम पुरं झाल्यावर गिऱ्हाइकाला 'ट्रायल'ला बोलावायचं, कोटाला बोलवावं तसं. चिंचोलकर सर ट्रायलला येऊन पडद्यासमोर बसायचे, आणि मुख्तारभाई टेप हातात धरून त्यांच्या मागं उभे, जणू आता सरांचे खांदेच मोजणार.

अशी तीन वर्षं गेली. अस्तर कधी एका ओळीनंही सरकलं नाही. मग गयाबाई आल्या.

गयाबाई आणि त्यांचा नवरा फुलंब्रीकडचे, मेंढरं राखणारे. दुष्काळात चारा संपला, मेंढरं विकावी लागली, आणि नवरा बांधकामावर आला. सोसायटीच्या शेजारीच दुसरी इमारत उठत होती, तिच्या आवारात पत्र्याच्या खोलीत ते राहायचे. इमारत पुरी होत आली होती. ती झाली की पत्रे निघणार आणि बिऱ्हाड पुढच्या बांधकामावर जाणार, ते कुठं असेल कुणाला ठाऊक. गयाबाई आमच्या गल्लीत धुण्याभांड्याला यायच्या आणि जाता-येता दुकानाच्या खिडकीशी थबकायच्या. तेव्हा मुख्तारभाई चिंचोलकरांसाठीच जुन्या मराठी गाण्यांचा एक कार्यक्रम रेकॉर्ड करत होते. गाणी गयाबाईंच्या तोंडपाठ. मेंढरांमागे चालताना गळ्यात रेडिओ अडकवलेला असायचा, सगळी त्यातली.

एके दिवशी त्यांनी खिडकीच्या गजातून हात आत घातला आणि रेघेखाली बोट रोवलं. "मुख्तारभाई, ह्ये 'पाखरू' हाय ना? मगाशी बी असंच आलं हुतं."

ध्रुवपद पुन्हा पुन्हा यायचं, त्याबरोबर तीच अक्षरंही पुन्हा पुन्हा यायची. शाळेची पायरी न चढलेल्या बाईनं त्यातून एक अख्खा शब्द पकडला होता. मुख्तारभाईंनी चित्र थांबवलं. खुर्चीतून उठले. भाभींना हाक मारली, मला वरून खाली बोलावलं, आणि गयाबाईंना पुन्हा विचारलं. पाखरू ते पाखरूच निघालं.

त्या दिवसापासून दुकानाला नवीनच काम लागलं. मुख्तारभाई गाण्यांच्या डिस्क बनवायचे आणि गयाबाई दुपारी भाभींबरोबर बसून बघायच्या. त्यासाठी भाभींनी जाहिरातींचा एक तास सोडला, यावरून त्यागाची कल्पना यावी. गयाबाई बोट फिरवत गायच्या. कुठं अडलं की गाण्याच्या आधारानं पुढं जायच्या. चार-पाच महिन्यांत त्यांनी दुकानाची पाटी वाचली, मग पिठाच्या पिशवीवरचं नाव, मग माझ्या दारावरचं. माझं आडनाव वाचून त्यांना हसू का आलं ते मी विचारलं नाही.

आणि नेमकं तेव्हाच सोसायटीला बाईमाणूस हवं झालं. पाण्याचे टँकर दिवसाला दोन-तीन यायचे. कुठला टँकर, कोणत्या वेळी, कुणाच्या सहीनं, हे फाटकाशी बसून रजिस्टरात लिहायचं. त्याबरोबर फाटकाशेजारची खोली राहायला, खोलीत नळ. गयाबाईंना ती खोली हवी होती. पक्क्या भिंतींची, कुणी उचलून नेणार नाही अशी. पत्रे निघायला तीन आठवडे उरले होते. मुख्तारभाई त्यांना घेऊन चिंचोलकरांकडे गेले आणि म्हणाले, बाई वाचतात.

चिंचोलकर सरांनी तीस वर्षं पोरांच्या परीक्षा घेतलेल्या. कमिटीचे चार पुरुष समोर बसवून त्यांनी गयाबाईंच्या हातात टँकरवाल्याची चिठ्ठी दिली. ते अक्षर मलाही लागलं नाही. गयाबाईंना दरदरून घाम फुटला. मुख्तारभाई म्हणाले, सर, पडद्यावर बघा, तिथं त्यांचा हात बसलाय. वरात आमच्या दुकानात आली. गाणं लावलं, गयाबाई घडाघडा वाचायला लागल्या. मुख्तारभाईंची छाती फुगली. चिंचोलकर पुढं झाले, हातातली फाइल पडद्याच्या तळाशी, बरोबर रेघेखाली, आडवी धरली. शब्द झाकले गेले. गयाबाईंचे ओठ मात्र तसेच हलत राहिले, पुढची ओळ, त्याच्या पुढची ओळ.

"मुख्तार, ही वाचत नाही," चिंचोलकर शांतपणे म्हणाले. "हिचं पाठ आहे."

गयाबाईंनी पदर तोंडाला लावला. खरं सांगायचं तर त्या क्षणी मलाही तसंच वाटलं. मुख्तारभाई पडेल आवाजात म्हणाले की एक रविवार द्या, नवीन डिस्क आणतो, बाईंनी न पाहिलेली. चिंचोलकर म्हणाले, आणा, पण मेहरबानी म्हणून मी कुणाला पास करत नसतो.

त्या आठवड्यात मला पायडल इतकं धडाधड कधी ऐकू आलं नव्हतं. मुख्तारभाईंनी गाणी निवडली ती सगळ्यांत सोप्या अक्षरांची. शनिवारी दुपारी ते तिसऱ्या गाण्याच्या आधीच्या ब्रेकवर आले. वहीत छातीचा रकाना भरला. कंबरेचा भरला. चित्रातून जाहिराती कापल्या. बाहीचा रकाना भरायला पेन टेकवलं आणि गल्लीत टँकरचा हॉर्न वाजला.

तो हॉर्न काय चीज होती हे ती वर्षं ज्यांनी काढली त्यांनाच कळेल. नमाज आणि पूजा सोडली तर त्या आवाजावर धावणाऱ्या माणसाला काहीही थांबवू शकत नसे. मुख्तारभाई टेपसकट उठले आणि दोन ड्रम घेऊन पळाले. मीही पळालो. पाऊण तासानं भिजून, दमून, विजयी होऊन परत आले, ते पुढच्या ब्रेकपासून कामाला लागले. बाहीचा रकाना कोरा. कापड कापलं, अस्तर राहिलं. संध्याकाळी वीज गेली ती सकाळपर्यंत आली नाही, म्हणून ट्रायलही झाली नाही.

रविवारी सोसायटीच्या पार्किंगमध्ये टेबलावर टीव्ही मांडला. मुख्तारभाईंनी नेहमीच्या सवयीनं त्याच्याही काचेवर खडूची रेघ मारली. सकाळच्या टँकरची वाट बघत सगळी सोसायटी बादल्या घेऊन उभीच होती, ती प्रेक्षक झाली. चिंचोलकर पहिल्या खुर्चीत. गयाबाई टीव्हीसमोर, भाभी त्यांच्या शेजारी. मुख्तारभाई मागं, टेपचं टोक बोटाला गुंडाळत.

पहिलं गाणं व्यवस्थित झालं. दुसरंही. गयाबाई खणखणीत वाचत होत्या आणि चिंचोलकर प्रत्येक ओळीला मान हलवत होते, पण ती कौतुकाची मान नव्हती. पाठ आहे, पाठ आहे, असं ती मान म्हणत होती.

तिसरं गाणं सुरू झालं. बैलगाडीच्या शर्यतीचं, धुरळा, आरोळ्या. खाली काहीच नाही. रेघेखाली कोरी पट्टी. आणि गयाबाई गप्प. ते गाणं तर त्यांच्या लहानपणचं, कुठंही लागलं की त्या ठेका धरायच्या. चिंचोलकरांनी विचारलं, का थांबलात बाई?

"लिवलेलंच नाय," गयाबाई म्हणाल्या. "वाचू काय?"

मागं मुख्तारभाईंचा चेहरा पांढरा पडला. त्यांना तेव्हाच कळलं. टँकर, पेन, बाही, सगळं एका क्षणात. ते पुढं होऊन टीव्ही बंद करणार होते, पण भाभींनी त्यांचा सदरा धरला. का धरला, ते नंतर विचारलं तर त्या म्हणाल्या की मधेच बंद करणं वाईट दिसतं, पाहुणे बसलेत.

चौथं गाणं लागलं. सासरी निघालेल्या लेकीचं. पडद्यावर नवरी आईच्या गळ्यात पडलेली, सनई काळीज कापत होती, दोन-तीन बायांनी बादल्या खाली ठेवून डोळ्यांना पदर लावला. आणि रेघेखाली, ठरल्याप्रमाणे तीन मिनिटं उशिरा, तिसऱ्या गाण्याचे शब्द हजर झाले. चिंचोलकरांना सनई ऐकू येत नव्हती. त्यांनी खालचे शब्द वाचले, समाधानानं मान हलवली आणि म्हणाले, हं, आले शब्द, वाचा आता.

गयाबाईंनी बोट उचललं. "धाव... रं... ढवळ्या... उडव... धुरळा..." अडखळत, अक्षर अक्षर जोडत, कारण या वेळी कान मदतीला नव्हते, उलट कान भलतंच सांगत होते. पुढची ओळ वाचली. मग बोट थांबलं. त्यांनी रडणाऱ्या नवरीकडे पाहिलं, खाली पाहिलं, पुन्हा वर पाहिलं, आणि गर्रकन मागं वळल्या.

"मुख्तारभाई, नवरी रडायलीय अन् खाली बैल पळायलेत."

पार्किंग हादरलं. बादल्या घरंगळल्या. रडणाऱ्या बायाही हसायला लागल्या. एकटे चिंचोलकर गोंधळून इकडेतिकडे बघत होते. ते म्हणाले, बरोबर तर वाचतेय, बैलांचंच गाणं आहे. हल्ली गाण्यात काहीही दाखवतात. मग हसणं थांबेना तेव्हा त्यांनी मला जवळ बोलावून, हळूच, जवळजवळ कानात विचारलं, वर काय चाललंय? मी तितक्याच हळू, पण त्यांना ऐकू जाईल एवढ्या मोठ्यानं सांगितलं की वर सनई चाललीय सर, लेक सासरी निघालीय.

सरांनी पुन्हा पडद्याकडे पाहिलं. रेघेच्या वरचं त्यांना ऐकू येत नव्हतं, आणि रेघेच्या खालचं जिला येत नाही असं त्यांनी जाहीर केलं होतं, तिनं ते वाचून चूक दाखवली होती. त्यांनी खिशातलं पेन काढलं, टोपण उघडलं आणि मांडीवरच्या रजिस्टरासकट गयाबाईंच्या हातात दिलं. त्याच वेळी फाटकात टँकरचा हॉर्न वाजला. पहिली नोंद गयाबाईंनी तिथंच केली. तीन शब्दांना दहा मिनिटं लागली आणि एकही बादली तोवर जागची हलली नाही.

त्यानंतर गल्लीत अशी अफवा पसरली की मुख्तारभाईंनी हे मुद्दाम केलं, काय डोकं आहे माणसाचं. हे ऐकलं की ते भडकायचे. "माझ्या हातून माल खराब झाला अन् तुम्ही त्याला अक्कल म्हणता?" ती डिस्क त्यांनी कुणालाही दाखवली नाही. तिच्यावर उर्दूत आणि मराठीत 'खराब' असं लिहून ती मापाच्या वहीत, त्या कोऱ्या बाहीच्या पानातच ठेवून दिली. चिंचोलकर सरांनी पुढच्या महिन्यात कानाचं यंत्र घेतलं. तरी नाटकं अस्तरासकटच न्यायचे. म्हणायचे, सवय झालीय.

मग पाऊस बरा झाला आणि शहर आणखी फुगलं. आमच्या गल्लीचा रस्ता रुंद करायचं ठरलं, त्यात दुकानाचा पुढचा अर्धा भाग जाणार होता. उरलेल्या अर्ध्यात एकतर मुख्तारभाई मावले असते नाहीतर मशीन. चितेगावला त्यांची लेक राहायची, जावई तिथल्या कारखान्यात होता. लेकीनं हट्टच धरला, तेव्हा जायचं ठरलं.

सामान न्यायला एका बँडवाल्यानं आपला टेम्पो दिला. त्याच्या कितीतरी वराती मुख्तारभाईंनी कापल्या होत्या. सगळं चढवून झालं. भाभी पुढं ड्रायव्हरशेजारी बसून ओढणीत तोंड खुपसून रडत होत्या. मुख्तारभाई मागं, उघड्यावर, मशीन धरून बसले, गळ्यात टेप. गल्लीतली माणसं जमली होती. चिंचोलकर सर चष्मा पुसत होते, मी उगाच दोरी तपासत होतो. मुख्तारभाईंचेही डोळे भरले होते आणि ते आमच्याकडे न बघता वरच्या माझ्या खिडकीकडे बघत होते. टेम्पो सुरू झाला, हादऱ्यानं पायडल आपोआप हलायला लागलं, खडखड, खडखड.

तेवढ्यात फाटकाकडून गयाबाई धावत आल्या, काखेत रजिस्टर, डोळ्यांना पदर. टेम्पो चालू लागला होता. त्या त्याच्या मागं चार पावलं धावल्या आणि एकदम थबकल्या. टेम्पोच्या मागच्या फाळक्यावर, बरोबर मुख्तारभाईंच्या रडक्या चेहऱ्याच्या खाली, लाल-पिवळ्या मोठ्या अक्षरांत बँडवाल्यानं रंगवून घेतलं होतं: 'नाचा हो नाचा, वरात आली'. गयाबाईंनी ते एका दमात वाचलं, वर पाहिलं, खाली पाहिलं, आणि गल्लीच्या त्या टोकापर्यंत ऐकू जाईल अशा आवाजात ओरडल्या:

"मुख्तारभाई, थांबा, ह्याचं बी अस्तर सरकलंय!"